मामाजींच्या कानाचं मशीन

२२ ऑगस्ट १९७५, शुक्रवार. स्टोव्ह भडकत होता म्हणून तो मागच्या ओट्यावर उघडून मी बर्नरला पिन मारत बसले होते. हात मनगटापर्यंत काळे. पुढे सायकलरिक्षा थांबली आणि आमचे हे मामाजींना धरून आत घेऊन आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. सकाळी टोपी आणि धुतलेला सदरा घालून दवाखान्यात गेलेला माणूस दुपारी कानातून वायर लोंबवत परत आला होता. चेहरा असा, की जणू कोणी न विचारता अंगात वीज बसवून दिली.

"आणलं मशीन," हे म्हणाले. "आता बोल त्यांच्याशी."

मी हात धुवायला गेले. बोलायचं कसं, हाच आमच्या घरातला सगळा घोळ होता.

मामाजींची नरखेडकडच्या एका खेड्यात संत्र्याची बाग होती. ज्या वर्षी सासूबाई गेल्या त्याच वर्षी त्यांचे कानही पार गेले, त्यामुळे ते गप्प झाले ते नेमके कशामुळे, हे सांगणं कठीण होतं. मुलांनी त्यांना नागपूरला धरमपेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरी आणून पुढच्या खोलीत ठेवलं. बाग वर्षाच्या बोलीनं ठेवलेला एक गडी आणि त्याची बायको सांभाळत. या गोष्टीला चार वर्षं झाली होती. गावाहून कोणीही आलं की मामाजी विचारत, "फळ कसं हाय गा औंदा?" आणि तो माणूस सविस्तर सांगे. मामाजींना त्यातलं अक्षरही कळत नसे. तरी पुढच्या माणसाला ते पुन्हा विचारत.

आमच्याकडे सून सासऱ्यांशी समोरून बोलत नसे. डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीआड उभं राहायचं आणि जे सांगायचं ते तिसऱ्याच कोणाला सांगितल्यासारखं सांगायचं. "ताट वाढलं आहे म्हणावं." तिसरा कोणी नसला तर भिंतीला सांगायचं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि मामाजींशी मी जेवढं बोलले तेवढं सगळं चौकटीशी बोलले होते. त्यांना ऐकू येत होतं तोवर काही अडलं नाही. कान गेल्यावर मात्र त्यांना दारात नुसता पदर हलताना दिसे. मग ते उठून आत बघून येत, की जेवण झालंय, पाहुणे आलेत, का घराला आग लागली.

इतरांसाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. समोरच्याचं तोंड हलायचं थांबलं की मान डोलवायची आणि म्हणायचं, "हो हो, बराबर." बहुतेक वेळा निभून जाई. एकदा मी बाजारात गेले असताना भंगारवाला दारात येऊन काहीतरी बोलला, मामाजी "हो हो, बराबर" म्हणाले, आणि तो आमचा तांब्याचा बंब घेऊन गेला.

आता मशीन. बिड्यांच्या कट्ट्याएवढी एक डबी, तिच्यावर आवाज कमीजास्त करायचं चाक, आत एक पेन्सिल सेल. डबीतून निघालेल्या वायरीच्या टोकाला कानाच्या मापाची गुलाबी बोंडी. ऐकणारा भाग कानात नसून डबीत आहे, हे मला पहिल्यांदा कळलं. मामाजींनी डबी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. त्याच खिशात त्यांची तंबाखूची चंची असे. पहिले दोन दिवस त्यांना फक्त चंची ऐकू आली.

डॉक्टरांनी सांगितलेलं ह्यांनी एका चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. समोर बसून बोलायचं. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा. ओरडायचं नाही. एका वेळी एकच माणूस. खोलीत दुसरा आवाज नको. रोज थोडा वेळ, न चुकता, काही महिने. "मशीन आवाज पोचवतं, बोलणं समजायला डोक्याला पुन्हा शिकावं लागतं," असं डॉक्टर म्हणाले होते म्हणे.

"मग कोण शिकवणार?" मी विचारलं.

हे चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, "मी तर ऑफिसात असतो."

आता मला मामाजींची फार दया आली वगैरे नव्हतं. मला माझी पुढची खोली परत हवी होती. त्यांना आमचा वैताग आला होता आणि मला त्यांच्या पिकदाणीचा. त्यांना बागेवर जायचं होतं, मलाही ते तिकडेच जायला हवे होते. इतकं एकमत आमच्या घरात दुसऱ्या कशावर नव्हतं. पण ह्यांचं आणि धाकट्या दिरांचं ठरत आलं होतं, की बाबांना ऐकू येत नाही, तिथं एकटं राहणं होत नाही, तर बाग शेजारच्या शेतकऱ्याला विकून मोकळं व्हावं. दिवाळीत दीर वर्ध्याहून आले की पक्कं करायचं. ही चर्चा दोघे भाऊ मामाजींच्या पलंगावर, मामाजींच्या दोन्ही बाजूंना बसून करत. मामाजी मधे बसून सुपारी कातरत.

दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत गेल्यावर मी खिडकीसमोर स्टूल मांडला, त्यांच्या पलंगापासून हातभर अंतरावर. उजेड माझ्या तोंडावर येईल असा. मी बसले. पदर कपाळापर्यंत होता, त्यानं अर्ध्या तोंडावर सावली पडत होती. मी तो मागे सारला. मामाजींनी ते पाहिलं, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन कुंपणाशी उभे राहिले. जेवायच्या वेळेपर्यंत आत आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते बसले, पण माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. मलाही त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी त्यांच्या खिशाशी बोलले. अर्धा तास मी खिशाला वार सांगितले आणि त्यांनी कॅलेंडरवर वार पाहिले. वार सगळे बरोबर आले. मी खूश झाले आणि संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. कॅलेंडर काढून मी स्वयंपाकघरात लावलं.

मग ते माझ्याकडे बघू लागले. दुसरं बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

महिनाभर काही उपयोग झाला नाही. त्यांना सगळं ऐकू येई. स्टोव्ह, चमचा, कावळा, शेजारच्यांचं भांडण. पण सगळं सारखंच मोठं. "डब्यात गोटे टाकून हालवते तसं येते," ते म्हणाले. "आवाज येते बाई, बोलणं नाही येत." एकदा त्यांनी मशीन काढून उशीखाली ठेवलं आणि चाक नीट बंद न केल्यामुळे ते शिट्टी वाजवत राहिलं. मी कुकर समजून दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले. कुकर लावलेलाच नव्हता.

माझी चिकाटी मोठी आहे असं नाही. सोडून द्यायचं म्हटलं तर पुढची खोली सुटत नव्हती. विचार करता माझ्या लक्षात आलं, की माहीत नसलेलं ओळखण्याऐवजी त्यांना तोंडपाठ असलेलं ओळखायला द्यावं. नागपूरहून गावाला जाणाऱ्या एसटीचे थांबे त्यांना झोपेतही येत होते. मी म्हणू लागले, "फेटरी. कळमेश्वर. काटोल. सावरगाव." आधी त्याच क्रमानं. मग क्रम बदलून. मग तोंडासमोर वर्तमानपत्र धरून, म्हणजे ओठ दिसणार नाहीत.

"सावरगाव," मी वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"काटोल."

"सावरगाव."

"काटोलच्या पुढं गेली का गाडी?"

"गेली."

"मंग सावरगाव."

हे असं. पण पंधरा दिवसांत दहा थांबे बिनचूक येऊ लागले, आणि मला त्या थांब्यांचा इतका कंटाळा आला की एका सकाळी त्याच सुरात, वर्तमानपत्रामागूनच मी म्हणाले, "कळमेश्वर. फेटरी. मामाजी, तुमची चंची मी आज चुलीत टाकणार आहे."

मामाजींचा हात झटकन खिशावर गेला.

मी वर्तमानपत्र खाली केलं. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.

"टाकूनच पाह्य," ते म्हणाले.

त्या दिवसापासून गाडी मार्गी लागली. रोज सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. आधी मथळे, मग बाजारभाव, मग निधनवार्ता, ज्या त्यांना सगळ्यांत चांगल्या समजत. खोलीत आम्ही दोघं आणि दार बंद असलं, तर माझं बोलणं त्यांना जवळजवळ सगळं कळे. बाहेरचं कोणी बोललं की निम्मं. दोन माणसं एकदम बोलली की शून्य. आणि शून्य झालं की जुनी सवय वर येई, "हो हो, बराबर." ती मोडायला मी खूप सांगून पाहिलं, की नाही समजलं तर नाही समजलं म्हणा. ते म्हणत, "कितीदा म्हणू बाई? लोकायले वैताग येते."

घरात ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. हे संध्याकाळी यायचे तेव्हा मुलांचा गोंधळ, स्टोव्हचा आवाज, रेडिओ. त्यात मामाजी पहिल्यासारखेच बहिरे. "काही फरक दिसत नाही मशीननं," हे दर रविवारी म्हणायचे. मी सांगायला जायची, तर हे तोवर रेडिओ लावायचे.

भाऊबीजेला सगळे जमले. दीर वर्ध्याहून, नणंदबाई कन्हानहून. पुढच्या खोलीत फराळाची ताटं, दारात मुलांचे टिकल्यांचे बार. मी आत अनारसे तळत होते. नणंदबाईंनी आल्या आल्या वडिलांच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडल्या, "बाबा! आयकू येते का गा?" ऐकणारी डबी खिशात होती आणि कानात तर बोंडीचं बूच होतं, म्हणजे ती आरोळी कोणालाच मिळाली नाही. फक्त मशीननं शिट्टी मारली.

"पाहा," नणंदबाई म्हणाल्या. "काहीच फायदा नाही मशीनचा."

मग बागेचं निघालं. दीर, हे, नणंदबाई, तिघंही एकदम बोलत होते. गिऱ्हाईक तयार आहे, दिवाळीनंतर कागद करू, मागच्या वर्षी मोटर जळली, उद्या विहिरीत पाय घसरला तर हाक कोण ऐकणार. मी झारा हातात घेऊन दारात आले. मामाजी एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडाकडे मान फिरवत होते. जरा वेळानं मान थांबली आणि चेहरा कोरा झाला. तो चेहरा मला ओळखीचा होता.

दीर पुढे झुकून मोठ्यानं म्हणाले, "काय बाबा, मग विकून टाकू ना?"

मामाजींनी मान डोलवली. "हो हो, बराबर."

"बघा!" दीर मांडीवर थाप मारून म्हणाले. "बाबांनीच हो म्हटलं. विषय संपला."

हे म्हणाले, "बरं झालं, सोप्यात झालं." नणंदबाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण करंजी खाली ठेवली नाही.

मी म्हणाले, "त्यांना ऐकू आलेलं नाही."

"अवो वहिनी, आत्ता हो म्हणाले ना! सगळ्यायसमोर."

"तुमच्या भावांनी असंच सगळ्यांसमोर विचारून पाहावं," मी म्हणाले आणि ह्यांच्याकडे वळले. "विचारा त्यांना, बाबा, तुमचं दुसरं लग्न लावून देऊ का."

"वेडी झाली का तू?"

"मग मी विचारते." आणि बाहेर टिकल्या वाजत असताना, नणंदबाई "अवं बाई, काय हे" म्हणत असताना, मी दारातूनच, चौकटीआडून, जुन्या पद्धतीनं म्हणाले, "मामाजींचं दुसरं लग्न लावून द्यायचं आहे म्हणावं."

पदर हललेला पाहून मामाजी म्हणाले, "हो हो, बराबर."

नणंदबाईंना ठसका लागला.

मी आत जाऊन स्टोव्ह बंद केला. कढईतले अनारसे तेल पीत राहिले, राहू देत. मुलांना टिकल्यांसकट गल्लीच्या टोकाला पाठवलं, दार लावलं, रेडिओ बंद केला आणि खिडकीसमोर स्टूल मांडला.

"एकेकानं इथं बसायचं," मी म्हणाले. "समोर. सावकाश बोलायचं, ओरडायचं नाही. बाकीच्यांनी तोंड मिटायचं. भाऊजी, आधी तुम्ही."

दीर हसत बसले. बसल्यावर हसू गेलं. वडील हातभर अंतरावरून थेट तोंडाकडे बघत होते. मला वाटतं शाळेत गणिताचा निकाल लागला तेव्हापासून एवढ्या जवळून त्यांनी वडिलांकडे पाहिलं नव्हतं.

"बाबा," दीर म्हणाले. "बाग. विकायची. आहे."

"कोनाची?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "त्यांना समजलंय. तुम्ही सांगा."

"आपली," दीर म्हणाले.

"काहून?"

दिरांनी दोन महिने तयार केलेलं भाषण होतं, आणि दोन महिने ते सगळ्यांना धडाधड बोलून दाखवलंही होतं. पण एकेक शब्द सुटा करून, समोरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघत बोलायचं म्हटल्यावर त्याचं कसं काय झालं कोण जाणे. "तुम्हाला. तिथं. एकट्यानं. राहणं. होत. नाही."

"कोन म्हनते?"

"सगळे."

"सगळे कोन?"

"म्हणजे... मोटर जळली, बाबा. मागच्या वर्षी. तुम्हाला. ऐकू. आलं. नाही."

मामाजींनी सुपारी खाली ठेवली. "मागच्या वर्षी मी इथं होतो. मोटर तू चालू ठेवून काटोलले गेलता."

हे खरं होतं. दीर आठ दिवस बागेवर होते आणि मोटर त्यांच्याच हातून जळली होती. आम्हाला कोणालाच आठवलं नव्हतं, आठवायचं कारणही नव्हतं. "मले मोटर आयकाले नाही लागत," मामाजी म्हणाले. "पाइपावर हात ठेवला का समजते, पानी हाय का हवा. चाळीस वर्सं तसंच पाह्यतो." दीर उठले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही बसा आता."

हे बसले. यांचा ऑफिसात दबदबा आहे असं हे सांगतात. स्टूलवर बसून यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला, आणि स्पष्ट, सावकाश विचारलं, "बाबा, चहा घेता का?"

"घेतो," मामाजी म्हणाले. "मंग बोल."

हे उठले.

नणंदबाई बसल्या त्या रडायलाच. मामाजींनी त्यांना रडू दिलं. मशीनमधून रडणं कसं येतं कोण जाणे, पण त्यांनी चाक जरा खाली केलं. मग म्हणाले, "तू सांग, बाई. तुले का वाटते?"

"मले तर वाटते बाबा, तुम्ही कन्हानले माह्या घरी या."

"का करू तिथं?"

नणंदबाईंनी विचार केला. प्रामाणिक बाई. "काही नाही," त्या म्हणाल्या.

मग मामाजींनी सांगितलं. आवाज जरा मोठाच होता, कारण स्वतःचा आवाज त्यांना मशीनमधून कमीच वाटे. बाग विकायची नाही. या हंगामाला ते तिथं जाणार आणि फळ उतरेपर्यंत राहणार. पाय घसरायचा असेल तर नागपुरातल्या मोरीतही घसरेल. पुढच्या दिवाळीला पुन्हा विचारा, पण असंच, एकेकानं बसून.

दीर कोपऱ्यातून म्हणाले, "पण तिथं बोलणार कोण त्यांच्याशी? गड्याची बायको तर मालकासमोर तोंडभर पदर घेऊन भिंतीकडे बघून बोलते. यांना काय समजणार? आठ दिवसांत पुन्हा हो हो सुरू."

मुद्दा बरोबर होता. दिरांचा त्या दिवसातला तो एकच मुद्दा बरोबर होता, आणि मला तो आधी सुचला नव्हता याचा रागही आला.

"ते मी बघते," मी म्हणाले, आणि अनारसे पाहायला आत गेले. सगळे फुटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या डब्याचं मुलीला सांगून मी पहिली एसटी पकडली. बागेवर पोचले तेव्हा गड्याची बायको गोठ्यामागे गोवऱ्या थापत होती. मी तिला सांगितलं, की मालक परवा येताहेत आणि त्यांच्याशी बोलताना पदर मागे घेऊन समोर उभं राहायचं.

"मालकासमोर? मी नाही बा वैनी. माह्यी सासू उठून येईन."

तिची सासू जाऊन सहा वर्षं झाली होती. मी साडी वर खोचली, तिच्यासमोर बसले, शेणात हात घातला आणि म्हणाले, "माझ्याकडे बघून सांग, फळ कसं आहे औंदा."